ठिगळ लावायची सुई कुणाकडं?

भर पावसात चार खाडे करून गावी गेलो होतो. लग्न नाही, मयत नाही, कारण धाकट्या बहिणीचा स्कॉलरशिपचा फॉर्म. शेवटची तारीख दोन दिवसांवर आलेली, आणि मोबाइलवर भरायला घेतला की दाखले चढवायच्या पानावर येऊन सगळं ठप्प. म्हणून तिला घेऊन नांदगाव तिठ्यावरच्या दुकानात गेलो. तुम्ही मुंबईची पोरं गोव्याला जाताना हायवेवरून नांदगाव ओलांडून गेला असाल, तेव्हा झोपेत असाल. इथनं एक रस्ता देवगडला फुटतो. कोकण रेल्वेचं स्टेशनही आहे, नांदगाव रोड, पण बऱ्याच गाड्या शिटी मारून पुढं जातात. तर त्या दुकानात झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, लाइट बिल, सातबारा, सगळं मिळतं आणि ह्या सगळ्याला मिळून एक कंप्युटर. वरनं कौलं गळतात म्हणून त्याला प्लॅस्टिकची पिशवी घातलेली. आत विंडोज सात.

पान उघडेना. ब्राउझर आधी गोल गोल फिरला, मग पांढरा पडला, मग म्हणाला मी जुना झालोय, मला बदला. बदलायला गेलो तर म्हणाला ह्या विंडोजवर नवा चालणार नाही. खरंच आहे. विंडोज सातला कंपनीनं १४ जानेवारी २०२० ला सोडलं. क्रोमनं २०२३ च्या सुरुवातीला सोडलं, १०९ नंबरच्या आवृत्तीनंतर. गावानं एखाद्या घराला वाळीत टाकलं की आधी पाणी बंद होतं, मग वाणी बंद होतो, मग न्हावी बंद होतो, घर तिथंच उभं असतं आणि आतली माणसं जिवंत असतात. तसंच हे. मशीन चालू आहे, लाइट लागते, माउस हलतो, पण एकेक दार आतनं कडी लावून घेतंय.

मी म्हटलं, "अण्णा, ह्यो आता बदला. ह्याचो सपोर्ट कधीच संपलो."

अण्णा म्हणाले, "सपोर्ट म्हंजे काय, टेबलाचो पाय? चालता मां? मगे बदलूचो कित्याक? माज्या झिलापेक्षा म्हातारो, पण अजून कधी उलट बोलाक नाय."

दुकानातली सगळी हसली. मीही हसलो. फॉर्म शेवटी कणकवलीला जाऊन भरला, एसटीचं भाडं दोघांचं, वर फॉर्मचे पैसे. पण हसणं थांबलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. निघताना स्क्रीनवर एक फोल्डर दिसला. नाव 'बौद्धवाडी'. उघडून बघितलं. आत आमच्या अर्ध्या वाडीची आधार कार्डं, जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, पासबुकाची पहिली पानं, आयाबायांचे अंगठे. माझं दहावीचं मार्कशीटसुद्धा. अण्णांनी वाईट बुद्धीनं ठेवलेलं नाही. दरवर्षी तीच पोरं तेच फॉर्म भरायला येतात, परत परत स्कॅनचे पैसे कशाला घ्यायचे, म्हणून ठेवलेलं. भला माणूस आहे. आणि त्या भल्या माणसाच्या मशीनमध्ये, सहा वर्षांत कुणी कुलूप तपासलेलं नाही अशा मशीनमध्ये, आख्खी वाडी पडलेली आहे आणि मशीन दिवसभर इंटरनेटला जोडलेलं आहे.

हे एका दुकानाचं नाही. तुमच्या सायनच्या, चेंबूरच्या, घाटकोपरच्या गल्लीतल्या फॉर्मवाल्याकडं जा आणि मॉनिटरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं बटण नीट बघा. म्हणून लिहितोय.

दोस्तांमध्ये ह्यावर बोललो तर दोन तट पडले. एक दोस्त हिंजवडीला आयटीत आहे, आपल्यातलाच, शिकला, वर गेला, चांगलं झालं. तो म्हणतो, सपोर्ट संपलेली सिस्टिम वापरणं म्हणजे गुन्हा आहे, फेकून द्या, नवीन घ्या. 'नवीन घ्या' हे दोन शब्द तो असे उच्चारतो की जसं काही वाटेवरची जांभळं वेचायची आहेत. दुसरा दोस्त चळवळीतला, दाढीवाला. तो म्हणतो, कंपनी म्हणते टाका म्हणून टाकायचं काय? जुनं वापरत राहणं हीच भांडवलाला लाथ. टाळ्या पडल्या त्याला. मी दोघांशीही भांडलो, आणि ते भांडण इथं पुरं करतो.

आधी सपोर्ट म्हणजे काय ते साध्या भाषेत. आपल्या आया गोधडी शिवतात. गोधडी विरते, भोक पडतं, आई ठिगळ लावते. सुई-दोरा घरात, चिंध्या घरात, हात घरातले. म्हणून गोधडीला मरण नाही, आजीची गोधडी नातवाच्या अंगावर असते. विंडोज पण लाखो ओळींची गोधडीच आहे. तिच्यात रोज कुणीतरी नवं भोक शोधून काढतं, कधी चोर, कधी अभ्यासक, कधी सरकारं. कंपनी ठिगळ पाठवते. सपोर्ट म्हणजे हेच, ठिगळ येत राहणं. सपोर्ट संपला म्हणजे गोधडी फाटली असं नाही. उद्या जी भोकं सापडतील ती आता कुणी शिवणार नाही, एवढंच. आणि तुम्ही स्वतः शिवू म्हणाल तर शिवता येणार नाही, कारण गोधडी तुम्हाला विकली, सुई विकलेली नाही. आत काय लिहिलंय ते बंद आहे. ते उघडून बघायला कंपनीच्या परवान्यात मनाई.

आणि हे मरण म्हातारपणानं येत नाही हो. तारीख आधी छापून येते. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ ला बाजारात आली, ८ एप्रिल २०१४ ला सोडून दिली. विंडोज दहा २९ जुलै २०१५ ची, तिला १४ ऑक्टोबर २०२५ ला सोडलं. जन्माच्या दाखल्यासोबत मृत्यूचा दाखला देणारी ही पहिलीच ग्रामपंचायत.

पण मेलेलं सगळ्यांसाठी मेलेलं नसतं. एक्सपी मेली तेव्हा ब्रिटनच्या सरकारनं ५५ लाख पौंड मोजून आपल्या खात्यांसाठी आणखी एक वर्ष ठिगळं विकत घेतली. अमेरिकेच्या नौदलानं २०१५ साली ९१ लाख डॉलरचा करार केला, एक्सपी आणि तिच्याबरोबरच्या जुन्या सामानासाठी. म्हणजे शिंपी बसलेलाच होता, मशीन चालू होती, फक्त आपल्याकडचं दार बंद होतं. विंडोज दहाचं तर अजून ताजं आहे. सामान्य माणसासाठी आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, ठिगळं ठेवली. युरोपात ग्राहकांच्या संघटनांनी आरडाओरडा केला, तिथं फुकट झाली. बाकीच्यांना तीस डॉलर, नाहीतर कंपनीचे पॉइंट जमवा, नाहीतर तुमच्या मशीनची सेटिंग कंपनीच्या खात्यात नेऊन ठेवा. ओरडलं त्याला मिळालं, हे जरा लक्षात ठेवा.

मग म्हणतात, अकरा घ्या. अकरा फुकट आहे. फुकट आहे पण मशीन साधारण २०१७-१८ नंतरचं लागतं, आत टीपीएम दोन नावाची एक चिप लागते. नसेल तर सिस्टिम फुकट आणि कंप्युटर विकत. कॅनॅलिस नावाच्या कंपनीनं डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज काढला होता की ह्यामुळं जगात २४ कोटी कंप्युटर भंगारात जाऊ शकतात. धडधाकट कंप्युटर. ते भंगार कुठं जाईल? कुर्ल्यात, धारावीत, दिल्लीच्या सीलमपूरमध्ये. आणि ते तारा जाळून तांबं काढणारे हात कुणाचे असतील हे मी तुम्हाला सांगायचं काय?

जे भंगारात जाणार नाही ते दानात येईल. येतंच आहे. मोठ्या ऑफिसातनं उतरलेले कंप्युटर वस्तीतल्या अभ्यासिकेत येतात, फोटो निघतो, हार घातला जातो. आमच्या आज्यांनी जुनेर घेतलं, मयताच्या अंगावरचं घेतलं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेल्या ढोराचं मांस आणि उष्टं-शिळं सोडा, तेव्हापासून घरात भांडणं करून करून आपल्या लोकांनी ते सोडलं. ज्याचा त्यांनाच उपयोग नाही ते आपल्याला दान म्हणून येतं तेव्हा निदान विचारायचं तरी, की ह्याची ठिगळं अजून येतात का? नसतील येत तर नव्या सिस्टिमसकट द्या. फोटो मग काढू.

आता दाढीवाल्या दोस्ताकडं येतो. लाथबिथ ठीक आहे. पण मी लॅशिंगचं काम करतो, न्हावा-शेव्याला. जहाजावर कंटेनर एकावर एक चढले की त्यांना लोखंडी रॉड आणि टर्नबकलनं आवळायचं, कोपऱ्यातले ट्विस्टलॉक बघायचे. डोक्यावरून क्रेन चाळीस फुटी डबा घेऊन जात असते. तो डबा ज्या वायरवर लटकतोय ती वायर बघून कळत नाही की आज तुटेल. ग्रीस लावलेली, काळीकुळकुळीत, सुंदर दिसते. काल उचलला, परवा उचलला. चालता मां? चालतंय की. म्हणूनच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७९ सालच्या १५२ नंबरच्या करारात लिहून ठेवलंय की जहाजावरची उचलायची यंत्रं निदान दर पाच वर्षांनी वजन टाकून तपासा आणि निदान दर बारा महिन्यांनी बारकाईनं बघा. हा शहाणपणा कुणी खुर्चीत बसून काढलेला नाही, माणसं चिरडून आलेला आहे. तारीख उलटलेल्या वायरखाली उभं राहणारा माणूस शूर नसतो. एक तर त्याला माहीत नसतं, नाहीतर मुकादमानं उभं केलेलं असतं. आणि वायर बदलायचा खर्च वायरखालच्या माणसानं करायचा, असं अजून तरी कुठल्या बंदरावर मी ऐकलेलं नाही. कंप्युटरच्या बाबतीत मात्र हेच चाललंय.

न्हावा-शेव्याचंच उदाहरण आहे. मी तेव्हा गावी शाळेत होतो, पेपरात वाचलं, अर्धं कळलं नाही. नंतर बंदरावर आलो तेव्हा नीट वाचून काढलं. २७ जून २०१७. युक्रेनमध्ये हिशेब ठेवायचं एक सॉफ्टवेअर होतं, त्याच्या अपडेटमधून एक किडा सुटला, नॉटपेट्या. तो मर्स्क ह्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर कंपन्यांपैकी एकीत शिरला आणि तिच्या ७६ टर्मिनलांपैकी १७ टर्मिनलांना त्याचा फटका बसला. त्यात आपलं न्हावा-शेव्याचं गेटवे टर्मिनल्स इंडिया होतं, मर्स्कच्याच गटातलं. कंप्युटर मेले, टर्मिनल अडकलं, हातानं काम रेटायची पाळी आली. मर्स्कचं एकूण नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. कंपनीच्या अध्यक्षानं २०१८ च्या जानेवारीत दावोसला सांगितलं की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कंप्युटर दहा दिवसांत नव्यानं उभे करावे लागले.

अँडी ग्रीनबर्ग ह्या पत्रकारानं २०१८ साली वायर्ड मासिकात ह्याची सगळी हकीकत लिहिली. त्यात आहे की हल्ल्याच्या दिवसापर्यंत मर्स्कचे काही सर्व्हर विंडोज २००० वर चालत होते. विंडोज २००० ला कंपनीनं १३ जुलै २०१० ला सोडलं होतं. सात वर्षं! आमच्या अण्णांचं मशीन अजून सहा वर्षांवरच आहे. आणि का बदललं नाही? पैसे नव्हते म्हणून नाही. सुरक्षेची सगळी घडी नव्यानं बसवायचा बेत मंजूर झालेला होता, पण वरच्या साहेबांच्या बोनसशी तो जोडलेला नव्हता, म्हणून पडून राहिला. अण्णा निदान गरिबीनं बदलत नाहीत.

त्याच हकीकतीत एक मजा आहे. मर्स्कच्या जगभरच्या सगळ्या मशीनची ओळखपाळख ठेवणारे जे मुख्य सर्व्हर असतात ते सगळे एकदम पुसले गेले, एक सोडून. तो घानामधला. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती म्हणून तो नेटवरनं तुटला होता, म्हणून वाचला. त्याच्यावरून सगळी कंपनी परत उभी केली. लोडशेडिंगला आयुष्यभर शिव्या घातल्या, एकदा तरी त्याचं भलं सांगायला मिळालं. पण ही नुसती मजा नाही, पुढं उपयोगी पडणार आहे, ध्यानात ठेवा.

हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे की सगळा दोष जुन्या सिस्टिमवर टाकता येत नाही. नॉटपेट्या एका मशीनमधून पासवर्ड चोरायचा आणि त्या पासवर्डनं ठिगळ लावलेल्या मशीनमध्येही घुसायचा. त्याच्या दीड महिना आधी, १२ मे २०१७ ला, वॉनाक्राय आला होता. सगळे म्हणाले एक्सपीमुळं. कास्परस्कीनं मोजलं तर सापडलेल्या बळींत १०० पैकी ९८ विंडोज सात निघाली, जी तेव्हा जिवंत होती, जिचं ठिगळ १४ मार्चलाच निघालं होतं, पण लोकांनी लावलं नव्हतं. दोन्ही किडे ज्या भोकातनं गेले ते भोक अमेरिकेच्या हेरखात्याला, एनएसएला, आधीपासून माहीत होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, स्वतःच्या उपयोगासाठी हत्यार करून ठेवलं, आणि ते हत्यार चोरीला जाऊन एप्रिल २०१७ मध्ये जगासमोर पडलं. म्हणजे घरफोडी करायला किल्ली कुणी घडवली, आणि घर कुणाचं फुटलं! १३ मेला मायक्रोसॉफ्टनं एक्सपीलाही ते ठिगळ फुकट दिलं. तीन वर्षांपूर्वी मेलेल्या एक्सपीला. देता येत होतं, एवढं त्या दिवशी सिद्ध झालं.

आपल्या लोकांनी ठिगळ का लावलं नव्हतं, तेही बोलू. आपल्याकडची अर्धी विंडोज चोरीची. तीस-चाळीस रुपयांच्या सीडीवरची. दुकानदार विकताना पहिलं काम करायचा ते अपडेट बंद. कारण अपडेट आलं की कंपनीला कळायचं, डेस्कटॉप काळा व्हायचा, कोपऱ्यात लिहून यायचं की ही प्रत अस्सल नाही. ज्या प्रतीची जात अस्सल नाही तिच्यापर्यंत ठिगळ पोचायचंच नाही. म्हणजे आमच्याकडं सपोर्ट १४ जानेवारीला संपला नाही, तो आलाच नव्हता. विकत घेतलं त्याच दिवशी संपला होता.

आणि बँका? २०१४ साली मेलेल्या एक्सपीवर आपली एटीएमं चालत होती. रिझर्व्ह बँकेला २१ जून २०१८ ला हुकूम काढावा लागला, की सप्टेंबर २०१८ पर्यंत निदान पाव एटीएमं बदला, डिसेंबरपर्यंत अर्धी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण, जून २०१९ पर्यंत सगळी. तिजोऱ्या असलेल्यांना पाच वर्षं लागली. म्हणून हिंजवडीच्या दोस्ता, अण्णांना गुन्हेगार म्हणू नकोस. सरकारनं स्कॉलरशिप, दाखला, सातबारा सगळं कंप्युटरवर सक्तीचं केलं. सक्ती ज्यानं केली त्यानं मशीनचाही विचार करायला नको का? वायर बंदराची, तर वायरची तारीखही बंदरानं बघायची.

आता आपल्या घरातलं. ह्या मासिकाचं.

आपला अंक जिथं कंपोझ होतो ते मशीन एक्सपीवर आहे, हे तुमच्यातल्या किती जणांना माहीत आहे? भायखळ्याच्या एका गल्लीत, माळ्यावर. त्यात पेजमेकर सात, २००१ सालचा, ज्याचा आठवा कधी आलाच नाही. आणि जुन्या तऱ्हेचा मराठी फॉन्ट. कंपोझिटर काकांना दुसरं काही येत नाही आणि ते म्हणतात यायची गरज पण नाही. त्यांची बोटं त्या कीबोर्डवर कांदा चिरल्यासारखी चालतात.

ह्या जुन्या फॉन्टचं दुखणं असं. त्या फाइलमध्ये मराठी नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागा असतात, आणि त्या जागांवर फॉन्ट 'क'चं, कान्याचं, अर्ध्या 'श'चं चित्र काढून दाखवतो. फॉन्ट आहे तोवर कविता. फॉन्ट गेला की इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण, कंस, टिंबं यांचा उकिरडा. युनिकोडमध्ये तसं नाही, तिथं देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर आहे, फॉन्ट बदलला तरी 'क' हा 'क'च राहतो. पण पेजमेकरला युनिकोड कळत नाही. म्हणून फॉन्ट पेजमेकरला बांधलेला, पेजमेकर एक्सपीला, एक्सपी त्या मशीनला, आणि मशीन त्या माळ्याला.

मागच्या महिन्यात २००९ सालच्या एका अंकातली कविता हवी होती. कवी आता नाहीत. छापील अंक कुणाकडं सापडला नाही. फाइल सापडली, माझ्या खोलीतल्या कंप्युटरवर उघडली, आणि जे दिसलं ते बघून पोटात कालवलं. माणूस गेला आणि त्याच्या ओळी अशा डोळ्यांसमोर, सगळ्या आहेत, एक अक्षर हरवलेलं नाही, आणि वाचता येत नाहीत. १९७२-७३ ची सायक्लोस्टाइल केलेली पानं मी जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी हातात घेतली आहेत. कागद पिवळा, कडा मोडलेल्या, स्टेन्सिल फाटल्याच्या रेघा. पण वाचता येतात. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० चा, तो वाचता येतो. आणि आपण २००९ साली लिहिलेलं एका कंपनीच्या मेलेल्या सिस्टिमच्या पोटात अडकलंय. ज्यांना शतकानुशतकं लिहू दिलं नाही, त्यांनी लिहिलेलं पुन्हा कुणाच्या तरी तारखेनं मुकं व्हायचं, हे मला सोसत नाही.

तर माझं म्हणणं असं. माळ्यावरचं मशीन टाकू नका. दाढीवाल्याचं इथं बरोबर. पण त्याची नेटची वायर आजच्या आज काढा, कायमची. घानाचा सर्व्हर आठवा, तुटला होता म्हणून वाचला. नुसतं कंपोझ करायला नेट लागतच नाही. आणि पेनड्राइव्ह ज्याच्या त्याच्या खिशातला त्यात घालू नका, किडा त्या वाटेनंही येतो. हार्डडिस्कची नक्कल करून दोन ठिकाणी ठेवा, म्हातारी डिस्क न सांगता जाते. मग एकेक अंक युनिकोडमध्ये काढायचा. फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, ते रफार आणि जोडाक्षरात चुका करतात, म्हणून माणसानं बसून वाचलंच पाहिजे. कंटाळवाणं काम आहे. मोर्चापेक्षा कंटाळवाणं. काकांना बाजूला सारू नका, त्यांच्याशिवाय कुठली खूण म्हणजे कुठलं जोडाक्षर हे कुणाला कळणार नाही. आणि पुढचे अंक सुरुवातीपासून युनिकोडमध्ये. काका चिडतील. चिडू देत.

अण्णांच्या मशीनचं वेगळं. ते नेटशिवाय चालणार नाही, आणि त्यात दुसऱ्यांचे कागद आहेत. माझ्या मशीनमध्ये माझीच कविता असती तर मी काय वाट्टेल ती जोखीम घेतली असती. पण आमच्या आयेचा अंगठा माझ्या बंडखोरीसाठी तारण ठेवायला मला कुणी सांगितलं? तिथं लिनक्स टाकायला पाहिजे. फुकट आहे, चार जीबी मेमरीच्या जुन्या मशीनवर चालतं, आणि मुख्य म्हणजे त्याची सुई उघड्यावर आहे, ज्याला शिवता येतं त्यानं शिवावं. केरळच्या सरकारी शाळांतली पोरं कित्येक वर्षं त्यावरच शिकतात. आपल्या सी-डॅकच्या चेन्नई केंद्रानं बॉस नावाचं लिनक्स काढलंय, त्यालाही बरीच वर्षं झाली. पण आपल्याकडं एमएस-सीआयटीच्या सर्टिफिकेटसाठी पैसे भरून आपण विंडोजचंच बटण शिकलो, दुसरं बटण असतं हे कुणी दाखवलं नाही. अडचणी आहेत, लपवत नाही. प्रिंटर-स्कॅनर कधी रुसतात, अंगठ्याचं मशीन तर फारच रुसतं. त्यासाठी खटपट करावी लागते.

आणि मागणी करायची असेल तर ही करा. जी कंपनी आपली सिस्टिम सोडून देते तिनं सुई पण सोडावी. शिवायचं नसेल तर उघडी करा, आम्ही शिवू. नौदलाला विकता आणि वाडीला नाही, हे बंद. युरोपातली माणसं ओरडली तेव्हा त्यांना फुकट मिळालं. आपण ओरडलोच नाही, कारण हा आपला प्रश्न आहे असं आपल्याला वाटलंच नाही. आपल्याला वाटलं की हा इंग्रजी येणाऱ्यांचा प्रश्न आहे.

माझ्याकडं हिंजवडीचा दोस्त आहे, शिव्या देतो पण येतो. पुढच्या महिन्यात तो आणि मी दोन दिवस नांदगावला जातोय. आधी तो 'बौद्धवाडी' फोल्डर बाहेर काढायचा, ज्याचे कागद त्याला द्यायचे, मशीनमधनं पुसायचे, मग लिनक्स. अण्णांना फोन करून सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ये. पण सातबारो छापून येवक व्हयो."

प्रिंटर कुठला आहे ते विचारायचं राहूनच गेलं.

नांदगाव, ता. कणकवली